संपर्कासाठी माझाच नंबर

माझा जन्म सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी झाला. रास कन्या, रंग निमगोरा, उंची पाच फूट दोन इंच, देवक कळंब, मामांचं गाव महाडजवळचं नाते. हे सगळं मला एका अनोळखी पुरुषाने मोबाईलवरच्या गेममध्ये, हेडफोनमधून, अगदी सावकाश वाचून दाखवलं. त्याच्याबरोबरचे तिघे हसत होते. ‘निमगोरा म्हणजे काय रे?’ एकाने विचारलं. ‘म्हणजे काळी,’ तो म्हणाला.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. एव्हाना माझा राग गेला असेल असं लोकांना वाटतं. गेलेला नाही, आणि घालवायचा माझा विचारही नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पोलादपूरला एसटी स्टँडजवळ झेरॉक्स काढून देणारं, ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे, तिथे कामाला होते. दिवसभर दुकानात ऐकायचं, ‘ताई, आमचं काम कधी होणार?’ आणि संध्याकाळी कापड्याला घरी आलं की भावकीने आईला विचारायचं, ‘हिचं कधी होणार?’ या दोन प्रश्नांच्या मधे मला एक तास मिळायचा. सात ते आठ. आमच्या पडवीच्या एका कोपऱ्यात बऱ्यापैकी रेंज येते. तिथे पायरीवर बसून मी गेम खेळायचे. चौघांचा गट करून एका बेटावर उतरायचं, हत्यारं गोळा करायची, समोरच्यांना गारद करायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं. माझ्याबरोबर महाडची माझी कॉलेजातली मैत्रीण असायची, आणि दोन कुणीतरी मिळतील ते.

गेममध्ये माझं नाव टिटवी होतं. शेताच्या बांधावर कुणी पाऊल टाकलं की सगळ्यांत आधी बोंब मारते ती टिटवी. मीही तेच करायचे. कोण कुठल्या घरात शिरलंय, कोण झाडाआड बसलंय, हे मला इतरांच्या आधी दिसायचं आणि मी ओरडून सांगायचे. मी चांगली खेळायचे. हे लिहिताना उगाच नम्रता दाखवणार नाही. त्या एका तासात मी कुणाची मुलगी नव्हते, कुणाची होणारी सून नव्हते, आणि माझा रंग कुणी विचारत नव्हतं.

घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी कानाला हेडफोन लावून मैत्रिणीशी बोलतेय एवढंच आईला माहीत. बाबांना कळलं तर काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. फोन जाणार, दुकान सुटणार, आणि जे पहिलं स्थळ दारात येईल त्याच्या गळ्यात मला बांधणार. आमच्या भावकीत एका मुलीचं असंच झालं होतं. ती नुसती फोनवर बोलताना सापडली होती.

त्या चौघांशी भांडण कसं लागलं, तर मी जिंकले म्हणून. दुसरं काहीही कारण नाही. आम्ही दोघींनी त्यांना लागोपाठ दोन संध्याकाळी पाणी पाजलं. त्या गेममध्ये समोरच्या संघाला आपला आवाज ऐकवता येतो. माझा आवाज ऐकून त्यांच्यातला एक म्हणाला, ‘अरे, बाई आहे ही.’ मग सुरू झालं. आधी भाकऱ्या थापायला जा, भांडी घासायला जा. मग माझ्या आईवरून. मग जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते पुन्हा लिहायला माझा हात का विटाळू? मैत्रीण म्हणाली, आवाज बंद कर. मी बंद केला नाही. मी म्हटलं, मारता येत नाही म्हणून तोंड चालवताय काय? आणि तिसऱ्यांदा हरवलं.

चौथ्या दिवशी त्यांच्यातल्या त्याच एकाने माझं नाव घेतलं. टिटवी नाही. माझं खरं नाव, मग बाबांचं, मग आडनाव, मग गाव, आणि मग तो पुढचं सगळं वाचत गेला. मैत्रिणीने त्याच क्षणी गेम बंद केला. ती पुन्हा कधी खेळायला आली नाही. तिचा मला आधी राग आला होता. नंतर वाटलं, ती तरी काय करणार, तिचाही असाच कागद कुठेतरी फिरत असणार.

तो वाचत होता तो माझा बायोडाटा होता. लग्नाचा. आणि मी तो ऐकताक्षणी ओळखला, कारण तो मी स्वतः टाइप केला होता.

आमच्या दुकानात महिन्याला वीसेक तरी बायोडाटे व्हायचे. वर गणपती, एका बाजूला फोटो, खाली नाव, जन्मवेळ, रास, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, भाऊ-बहिणी, मामांचं गाव, शेवटी संपर्क. मी एकीचा बायोडाटा उघडायचे, तिचं नाव पुसून दुसरीचं घालायचे. शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक पहिलीचं सगळं वाचायचं आणि म्हणायचं, ‘हिचं जमलं काय मग?’ मग ती फाईल दुकानाच्याच फोनवरून समाजाच्या वधू-वर ग्रुपवर टाकायची. त्या ग्रुपवरून ती आणखी दहा ग्रुपवर जायची. मुंबईला, पुण्याला, सुरतेला, जिथे जिथे आमची माणसं पोटासाठी गेली आहेत तिथे तिथे. जितकी लांब जाईल तितकं चांगलं, असं आईबापांना वाटायचं. मलाही वाटायचं.

आणि संपर्काच्या ओळीत मी माझाच नंबर घातला होता. बाबा दिवसभर शेतावर, तिथे रेंज नाही. एखादं चांगलं स्थळ फोन करेल आणि फोन लागणारच नाही, ही त्यांना धास्ती. म्हणून वर त्यांचा नंबर आणि खाली ‘घरचा नंबर’ म्हणून माझा. मी एकटीच अशी शहाणी नव्हते. आमच्याकडच्या निम्म्या मुलींच्या बायोडाटावर मी अशाच सबबीने त्यांचे त्यांचे नंबर टाइप केले होते. बाप रानात, फोन घरात, आणि घरात फोन असलेली एकच, पोरगी. कुणाच्याच डोक्यात दुसरा विचार आला नाही.

घरी मी काही सांगितलं नाही. त्या चौघांना ब्लॉक केलं. गेमवाल्यांकडे तक्रार केली, सोबत स्क्रीनशॉट जोडले. दोन दिवसांनी उत्तर आलं, तपासलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. खाली एक हसरा चेहरा आणि ‘आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?’ तो चेहरा बघून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, दुकानातून घरी आले तर बाबा पायरीवर बसले होते आणि चक्क हसत होते. आमचे बाबा हसतात तेव्हा आई आधी घाबरते.

‘महाडचं स्थळ हाय,’ ते म्हणाले. ‘मुलाचा मामा बोलला. इतका नीट बोलला, इतका नीट! रविवारी येतायत बघायला. पाच-सहा माणसं.’

‘मला विचारलंत?’ मी म्हटलं.

‘बघायला येतायत गो, न्यायला नाय.’

मामाने रस्ता विचारला होता. बाबांनी सगळं सांगितलं होतं. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागा, कापड्याला उतरा, कुणालाही माझं नाव विचारा, आमच्या दारात निळं पिंप हाय. मामाने मुलगी दिवसभर कुठे असते तेही विचारलं होतं. दुकान कुठलं, किती वाजता सुटते, कुठल्या गाडीने येते. बाबांनी तेही सांगितलं. मुलाकडचे विचारतात, मुलीकडच्यांनी सांगायचं. एखादा प्रश्न उलट विचारावा, ‘तुम्हाला कशाला हवंय?’ म्हणावं, हे आमच्याकडे कुणी शिकवलेलंच नाही. मुलीच्या बापाने तसं म्हटलं तर माजोरडा ठरतो.

रविवारी दहा वाजता सगळी तयारी होती. काकूने स्टीलचे नवे ट्रे आणले. शेजारून सहा खुर्च्या आल्या. थोरले काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, आमच्या घरातला शेवटचा शब्द, टोपी घालून मधल्या खुर्चीवर बसले. बाबांनी शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. मला साडी नेसवली. अकरा वाजले. साडेअकराला बाबा रस्त्यापर्यंत जाऊन आले. बाराला पुन्हा गेले. मामाचा फोन बंद लागत होता. एक वाजता ते तिसऱ्यांदा गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मी पडवीतून बघत होते. पूल ओलांडून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ते हात कपाळावर धरून बघत होते, आणि गाडी पुढे गेली की शर्ट सारखा करत होते.

‘कुणीतरी आपल्या पोरीबद्दल काहीबाही सांगितलेलं दिसतंय,’ काकू म्हणाली. तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला कळलं की पाहुणे अर्ध्या रस्त्यातून मागे फिरले. पोहे आम्हीच खाल्ले, गार झालेले.

सात वाजता मी गेम उघडला. नव्या नावाने एक निरोप आला होता. ‘पोहे गार झाले का गं? साडी कुठल्या रंगाची होती? बाबा रस्त्यावर उभे होते का?’

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं. मला शिव्या दिल्या, ठीक. मला काळी म्हटलं, ठीक. पण माझे बाबा उन्हात तीनदा रस्त्यावर जाऊन उभे राहिले होते. मी तशीच उठले, आत गेले आणि बाबांसमोर फोन धरला. सगळं सांगितलं. थोरले काका अजून घरातच होते. त्यांच्यासमोर सांगितलं.

बाबांनी निरोप वाचला. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता हे उठतील आणि त्या माणसाला शोधायला जातील. ते म्हणाले, ‘तू गेम खेळतेस?’

एवढंच निघालं त्यांच्या तोंडून. पहिलं.

‘सव्वीस वर्साची घोडी झालीस,’ थोरले काका म्हणाले, ‘नि अनोळखी बाप्यांशी खेळ खेळतेस? मग दुसरं काय होणार?’

‘फोन हितं ठेव,’ बाबा म्हणाले.

मी ठेवला नाही. माझ्या आयुष्यात बाबांचं न ऐकण्याची ती पहिली वेळ. मी म्हटलं, ‘आधी मला त्या मामाचा नंबर द्या. मग काय ते बोला.’ माझा आवाज इतका चढला होता की आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी मुकाट्याने आपला फोन पुढे केला.

तो नंबर मी समाजाच्या वधू-वर ग्रुपवर शोधला. दोन मिनिटं लागली. एका बायोडाटाच्या खाली तो होता. ‘मुलाचा मोबाईल.’ मामा वगैरे कुणी नव्हतं. तोच होता. महाडजवळच्या एका गावचा, वय एकोणतीस, एमआयडीसीत कायम नोकरी, फोटोत निळा ब्लेझर. निर्व्यसनी, मनमिळाऊ, आई-वडिलांच्या आज्ञेत राहणारा. आणि खाली अपेक्षा: मुलगी संस्कारी असावी, मोबाईलचं वेड नसावं.

मला तिथे हसू आलं. रागाने येतं तसं. त्याने आपला नंबरसुद्धा लपवला नव्हता. लपवायची त्याला गरजच वाटली नाही. लपवायचं ते आम्ही.

मला गाठलं कसं, तेही मग लक्षात आलं. घरी त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. माझा बायोडाटा आला, त्याने किंवा त्याच्या आईने माझा नंबर माझ्या नावाने त्याच्या फोनमध्ये ठेवला. गेममध्ये मी त्याच नंबराने शिरले होते. तो गेम फोनमधले नंबर तपासतो आणि सांगतो, तुमच्या ओळखीचं अमुक माणूस इथे तमुक नावाने खेळतं. गेमने परवानगी मागितली होती, मी न वाचता ‘हो’ दाबलं होतं. दुकानात तर दिवसाला पन्नास लोकांच्या वतीने मी ‘हो’ दाबते. त्याला एक दिवस माझं नाव आणि खाली टिटवी असं शेजारी शेजारी दिसलं असणार. कुणी काही चोरलं नव्हतं, कुणी कुलूप तोडलं नव्हतं. मीच टाइप केलं, मीच पाठवलं, मीच हो म्हटलं. स्वतःला मी यातून सोडलेलं नाही.

मी पोलीस ठाण्यात जाऊ म्हटलं. थोरले काका म्हणाले, ‘जा की. पोरीचं नाव लिहून ये. मग बघू कोण पुढं येतो तो.’ मग बाबांनी मुलाच्या बापाला फोन लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. बापाने आधी कानावर हात ठेवले. मी निरोप वाचून दाखवले तेव्हा त्याचा आवाज खाली आला. ‘पोरं आहेत हो, चेष्टा केली असेल. मी बघतो त्याच्याकडे,’ म्हणाला. एकोणतीस वर्षांचं पोर.

दुसऱ्या दिवशी त्या बापानेच उलट फोन केला. मला वाटलं माफी मागायला. मागितलीही, घाईघाईत, पुढचं बोलायचं होतं म्हणून. पुढचं असं की, झालं ते झालं, मुलीचं नाव उगाच चव्हाट्यावर नको. मुलगा कबूल झाला आहे, त्याला पश्चात्ताप आहे. आम्ही खरोखर येतो बघायला. नाहीतरी बायोडाटा आमच्याकडे आहेच, मुलगी आम्हाला आधीच पसंत होती.

बाबांनी फोन ठेवला. मग थोरल्या काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘स्थळ वाईट नाय,’ ते म्हणाले. ‘कायम नोकरी हाय. घर स्वतःचं हाय. नि आता वाडीभर झालंच हाय, तर असं झाकलं तरी जाईल.’

मी बाबांकडे बघितलं. ते काकांवर ओरडतील म्हणून. ते जमिनीकडे बघत होते आणि विचार करत होते. खरोखर विचार करत होते.

‘मी त्याच्याशी लग्न करणार नाही,’ मी म्हटलं. ‘फोन देणार नाही. दुकान सोडणार नाही. तुम्ही माझ्यावर जबरदस्ती केलीत तर मी एकटी ठाण्यात जाईन आणि त्याच्याबरोबर तुमचंही नाव लिहून देईन.’

काका म्हणाले, ‘बघितलास रे, कशी बोलते ती.’

बाबा म्हणाले, ‘दोन दिवस द्या मला.’

त्या दोन दिवसांत मी कामावर गेले. संध्याकाळी गाडीत बसताना प्रत्येक निळ्या शर्टाकडे बघत होते. कुठल्या गाडीने येते ते त्याला ठाऊक होतं. दुकानात एका बाईने मुलीचा बायोडाटा करायला सांगितला आणि संपर्कासाठी मुलीचा नंबर दिला. मी म्हटलं, मुलीचा नंबर घालणार नाही. ती म्हणाली, ‘मग कुणाचा घालू? ह्यांना रेंज नसते.’ मी म्हटलं, संध्याकाळी फोन करा असं लिहा. ती तोंड वाकडं करून समोरच्या दुकानात गेली. मालकाने मला ऐकवलं. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला फोन करून माझा बायोडाटा काढायला लावला, तर तो म्हणाला, ‘इथला काढतो ताई, पण पुढे किती गेला ते देवाला माहीत.’ अजून फोन येतात. गेल्या महिन्यात सुरतेहून एकाने विचारलं, मुलगी आहे का अजून.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी फोन लावला. मी ऐकत होते. ‘आमची मुलगी तुमच्या घरी द्यायची नाय,’ ते म्हणाले. ‘तुमच्या मुलाने तिला पुन्हा काय बोललंन, कुठं दिसला, तर मी स्वतः ठाण्यात जाईन. थोरल्या भावाला विचारायला थांबणार नाय.’ फोन ठेवून ते शेतावर गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी पडवीत उभी राहून रडले. बाबांसाठी रडले, त्यांनी किती जोर लावून ते म्हटलं असेल म्हणून. त्या दिवसापासून माझ्या फोनबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. मी आजही संध्याकाळी खेळते, टिटवी म्हणूनच, आवाज चालू ठेवून.

पाच-सहा महिन्यांनी आई वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. सहज बोलून गेली. त्या दोन दिवसांत बाबा पोलादपूरला गुरुजींकडे गेले होते. दोघांचे बायोडाटे घेऊन. गुरुजींचं घर स्टँडच्या पलीकडे, म्हणजे माझ्या दुकानावरूनच गेले असणार. पत्रिका जुळवून घेतली. अठ्ठावीस गुण जुळत होते. गुरुजी म्हणाले, योग उत्तम आहे, सोडू नका.

मी त्याच संध्याकाळी त्यांना विचारलं. ते पायरीवर पाय धूत होते.

‘तुम्ही त्याची नि माझी पत्रिका बघायला गेला होतात?’

त्यांनी नकार दिला नाही. तांब्यातलं उरलेलं पाणी दुसऱ्या पायावर ओतलं.

‘गेलो होतो,’ म्हणाले. ‘बघून ठेवलेलं बरं गो.’